पायाने पास केलेली गाडी

चपला काढून, अनवाणी गाडीत चढणारा फिटर तुम्ही पाहिलाय का? नसेलच. एक होता, त्याचीच ही गोष्ट. शाळा सातवीत सुटली, तरी अख्खा रस्ता त्याला डिग्री मास्तर म्हणायचा, कारण दिवसभर त्याच्या तोंडी एकच भाषा: चार डिग्री खाली, चार डिग्री वर, अर्धी सोड, चालेल. खरं नाव विचारलं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागतं, असं शेजारी म्हणायचे. शेजाऱ्यांचं काय, त्यांना काहीतरी म्हणायलाच हवं असतं.

त्याचं काम उंच केलेल्या गाड्यांचं. दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीचं पोट घासू नये म्हणून लोक मोठ्या कमानीचे स्प्रिंगचे पाटे घालून गाडी तीन-चार इंच वर उचलून घेतात. उचलणं सोपं आहे, ते कुणीही करतं. मागाहून जे निस्तरावं लागतं ते अवघड. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब लोखंडी नळ असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. गाडी उंच झाली की तो जास्त तिरका होतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, म्हणजे चहूबाजूंना वाकणारा सांधा. पुढच्या टोकाला गिअरबॉक्सचं शेपूट, मागच्या टोकाला, मागच्या चाकांच्या धुऱ्यात शिरणाऱ्या पिनियनचं नाक. शेपूट जितकं खाली झुकलेलं, तितकंच नाक वर उचललेलं पाहिजे, दोघं एकमेकांना समांतर. तसं नसलं की शाफ्ट फिरताना गचके खातो, क्रॉस तापतो, त्यातलं ग्रीस जळतं आणि एक दिवस तो तुटतो. सुटलेला शाफ्ट गाडीखाली काय काय फोडतो ते मास्तरने पाहिलं होतं. अशाच एका शाफ्टने एका ट्रकचा ब्रेकचा पाइप भर उतारावर कापला होता. तो ट्रकवाला फार गप्पिष्ट होता, चहाला म्हणून यायचा आणि तासभर बसायचा. तो त्या अपघातात गेल्यापासून मास्तर कुठलीही गाडी धास्ती घेऊनच दाराबाहेर सोडायचा.

पाट्याखाली लोखंडी पाचर सारून नाक वर करायचं, कोन मोजायची चुंबकाची तबकडी लावून काटा बघायचा, बोल्ट आवळायचे, इथपर्यंत सगळेच करतात. मास्तरचं खरं काम त्यापुढे सुरू व्हायचं. गाडी त्याचा मेव्हणा चालवायचा. मास्तर शेजारी बसायचा, पायाखालची चटई उचलायचा आणि उघडे तळवे पत्र्यावर टेकवून डोळे मिटायचा. चाळीसला, साठला, चढावर, उतारावर. मग मध्येच म्हणायचा, "थांबव. मागचा सांधा. अर्धी डिग्री." परत जाऊन बघावं तर मागचाच सांधा आणि अर्धीच डिग्री. तबकडी चुकेल, मास्तरचा तळवा चुकणार नाही, हे गॅरेजमध्ये इतकं ठरून गेलं होतं की तबकडीवरची धूळसुद्धा कुणी पुसत नसे. गाडी मास्तरने पायाने पास केली म्हटलं की गिऱ्हाईक पुढचा प्रश्न विचारायचं नाही.

आता त्या पायांचं सांगतो. मास्तरला साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. रात्री चादर लागली तरी झोंबायचं. हे प्रकरण काही महिने चाललं आणि मग एक दिवस मुंग्या थांबल्या. मास्तरला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. बरा झालो, असं त्याने मनाशी धरलं, आणि कुणाला सांगायचा प्रश्नच मिटला. पुढे कधी एक चप्पल रस्त्यात सुटून मागे राहायची आणि दहा पावलं गेल्यावर कुणीतरी हाक मारून सांगायचं. कधी आंघोळीचं पाणी पायावर ओतल्यावर कातडी लाल व्हायची, पण चटका बसायचा नाही. कातडी जाड झालीय, दुसरं काय, असं तो म्हणायचा. मनात खोलवर कुठेतरी त्याला कळलेलं होतं. पण कळणं आणि कबूल करणं यांच्यात फार अंतर असतं, आणि हा गडी ताकास तूर लागू देणारा नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर झाकलेला पाय होता.

भीती मात्र त्याला रोज वाटायची. गाडीत बसून तळवे पत्र्यावर टेकवले की तो वाट बघत बसायचा. काही लागलं तर हायसं वाटायचं. काही लागलं नाही तर स्वतःला विचारायचा, गाडी गुळगुळीत आहे की मीच? उत्तर यायच्या आत "पास" म्हणून मोकळा व्हायचा.

त्याची एकुलती एक लेक आरोग्य केंद्रात नर्स होती. लसींच्या थंड पेट्या घेऊन घाटापलीकडच्या वस्त्यांवर जायचं, हे तिचं काम. गाडी तीच चालवायची. पावसाने घाटाच्या वरच्या रस्त्याची वाट लावली, गाडीचं पोट घासायला लागलं, तेव्हा तिच्या साहेबांनी गाडी उंच करून घ्यायला सांगितली. ती गाडी घेऊन सरळ बापाच्या दारात आली.

"बाबा, तुम्हीच करा. मामाला फक्त बोल्ट आवळू द्या," ती म्हणाली.

"तुझा मामा बोल्ट आवळतो की तोडतो ते आधी विचार," मास्तर म्हणाला, आणि मेव्हण्याने नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार दिवस काम चाललं. मास्तरने इतकं मन लावून काम वर्षभरात केलं नव्हतं. गाडी चारही चाकांवर उभी करून, पेट्यांच्या वजनाइतकी वाळूची पोती मागे ठेवून त्याने कोन लावले. शेपूट चार डिग्री खाली, नाक चार डिग्री वर. शेवटच्या दिवशी दुपारी तो जेवायला गेला, परत आला आणि पायाची चाचणी केली. जाताना साठ, येताना साठ, मधला चढ दोनदा. तळव्यांना काही म्हणजे काही लागलं नाही.

"लोण्यासारखी चालते. पास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लेक घरावरूनच गेली. हॉर्न वाजवला, हात हलवला, गेली. मास्तर आरामात उठला, चहा घेतला. बायको फरशी पुसत होती. पुसता पुसता ती थांबली.

"अहो, हे रक्त कुणाचं?"

न्हाणीपासून खुर्चीपर्यंत लाल ठिपके होते, एका पावलाआड एक. दोघांनी मिळून ठिपक्यांचा माग काढला आणि तो मास्तरच्या उजव्या पायाशी येऊन थांबला. बायकोने पाय उचलून पाहिला. टाचेच्या पुढे, तळव्याच्या मऊ भागात, पत्र्याचा स्क्रू डोक्यापर्यंत रुतलेला होता. नुसती डोक्यावरची खाच दिसत होती. गॅरेजमधल्या जमिनीवर असतात तसला. म्हणजे कालचा.

"तुम्हाला दुखलं नाही?" तिने विचारलं.

तिने पक्कड आणून स्क्रू उपसला. बोटाच्या पेराएवढा होता. स्क्रू निघताना ती स्वतः "आई गं" म्हणाली, आणि ज्याच्या पायातून निघाला तो तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. त्याला काहीच लागलं नव्हतं.

काल गाडीत काहीच लागलं नव्हतं ते हेच.

मास्तरच्या पायाखालची वाळू सरकली, आणि तीही त्याला पायाला कळली नाही, पोटात कळली. बायको फडकं बांधत होती, काहीतरी बोलत होती, दवाखाना म्हणत होती. त्याने फोन उचलून लेकीचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. घाट लागला की सहा-सात तास तिचा फोन मुका असतो हे त्याला माहीत होतं, तरी पाच वेळा लावला.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. गॅरेजवर जाऊन येतो," तो म्हणाला आणि एका पायात चप्पल, एका पायात फडकं असा निघाला.

वाटेत तो स्वतःची समजूत घालत होता. पाय मेला असेल, तबकडी तर जिवंत होती. चार आणि चार. पोती ठेवून मोजलं होतं. कोन बरोबर असतील तर पाय हवाच कशाला? गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर त्याला थोडा धीरही आला होता.

मेव्हणा शटर वर करत होता.

"काल मी मोजल्यानंतर गाडीला कुणी हात लावला?" मास्तरने विचारलं.

"हात असा नाही," मेव्हणा म्हणाला. "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी खाली सरकून बघितलं. शाफ्ट जरा जास्तच तिरका वाटला, दाजी. म्हणून गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर टेकतो ती आणि चेसिस यांच्या मध्ये ठोकळे टाकले. दोन बोटं जाड. शेपूट तेवढं खाली आलं, शाफ्ट कसा सरळ झाला." सांगताना त्याच्या आवाजात थोडी ऐट होती.

शाफ्ट दिसायला सरळ झाला होता, खरं आहे. पण चार डिग्रीचं शेपूट सातावर गेलं होतं आणि नाक बिचारं चारावरच राहिलं होतं. समांतरपणाचा पार बोऱ्या वाजला होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? तुम्ही पाय लावणारच होतात. बिघडलं असतं तर तुम्हाला लागलंच असतं की. तुम्ही पास म्हणालात, मग मला वाटलं, बरंच केलं आपण."

मास्तरला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि लगेच कळलं की वाजवायची तर ती स्वतःच्याच. वीस वर्षं या माणसाला त्याने हेच शिकवलं होतं, पाय सांगेल तेच खरं. त्याने घाटापलीकडच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "नाही, मॅडम अजून आल्या नाहीत. खरं तर एव्हाना यायला हव्या होत्या."

"गाडी काढ," मास्तर मेव्हण्याला म्हणाला.

गॅरेजची जुनी पिकअप घाटाला लागली. पहिल्या वळणावर मेव्हण्याला राहवेना.

"दाजी, एक कळत नाही. गाडी बिघडलेली होती तर काल तुम्हाला लागलं कसं नाही?"

मास्तर रस्त्याकडे बघत होता. डांबरावर कुठे ग्रीसचे शिंतोडे आहेत का, कुठे लोखंडाचा तुकडा पडलाय का, कडेचा कठडा कुठे तुटलाय का. प्रत्येक वळणाआधी तो श्वास रोखत होता आणि वळण मोकळं निघालं की सोडत होता. कड्याखाली बघायची त्याची छाती होत नव्हती, आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

"दाजी?"

"पाय मेलेत," मास्तर म्हणाला. "दोन्ही. वर्ष झालं असेल, जास्तच. काही कळत नाही मला."

मेव्हण्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. पिकअप मंदावली. मग त्याने ती पुन्हा दामटली. तो हळूच म्हणाला, "वर्षभरात आपण चाळीस गाड्या सोडल्यात."

मास्तरला ते ठाऊक होतं. पण त्या घटकेला त्या चाळीस गाड्यांसाठी त्याच्याकडे भीती शिल्लक नव्हती. होती नव्हती ती सगळी एका गाडीपाशी अडकली होती. काय माणूस असतो बघा, आणि त्याला नावं तरी कुठल्या तोंडाने ठेवायची.

अर्ध्या घाटात एका वळणावर माणसं जमली होती. पाच-सहा जण कठड्याशी वाकून खाली बघत होते. मास्तरने पिकअप थांबायच्या आधीच दार उघडलं. उतरताना फडकं बांधलेला पाय मुडपला, तो गुडघ्यावर पडला, उठला, माणसांना बाजूला सारून कठड्याशी गेला. खाली एका टेम्पोची ताडपत्री झुडपात अडकली होती आणि टेम्पोवाला ती काठीने ओढत होता. बाकीचे त्याला शहाणपण शिकवत होते.

"काय शोधताय, काका?" एकाने विचारलं.

मेव्हण्याने मास्तरला दंड धरून गाडीत बसवलं.

घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. वरून दगडमाती घसरली होती, मजूर ती उपसत होते, तासभर रस्ता बंद होता. रांगेच्या पलीकडे, माथा ओलांडला की उभा उतार सुरू होत होता, सात वळणांचा. पिकअप रांगेच्या शेवटी सोडून मास्तर लंगडत पुढे निघाला. नववी की दहावी गाडी पांढरी होती, चार इंच उंच होती आणि तिच्या चाकाशी लेक उभी राहून पाणी पीत होती.

बापाला बघताच तिच्या हातातली बाटली खाली आली. "बाबा? तुम्ही इथे? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. किल्ली काढ. गाडी सुरू करू नकोस," तो म्हणाला. मग त्याने तिच्या खांद्याला हात लावून बघितला, खरी आहे की नाही म्हणून.

मेव्हणा एव्हाना गाडीखाली शिरला होता. आतून त्याची शिवी ऐकू आली. पोळलेली बोटं फुंकत तो बाहेर सरकला. तास होत आला तरी मागचा क्रॉस गरम होता, त्यातून गंजासारखी लाल भुकटी गळत होती, आणि हलवला तर एका बाजूचं टोपण त्याच्या हातात आलं होतं. ते त्याने मास्तरच्या पुढे धरलं. आतले सुईएवढे रोलर चुरा झाले होते.

"उतार लागला असता ना, दाजी," तो म्हणाला.

पुढे मजुरांनी रस्त्यावर आडवा लावलेला बांबू वर केला. रांगेतल्या गाड्या सुरू झाल्या, मागचे हॉर्न वाजवू लागले, एकेक गाडी वळसा घालून पुढे गेली आणि उताराला लागली. तिघं कडेला उभे राहून बघत होते.

"मला जाणवत होतं," लेक म्हणाली. "सकाळपासून. चढ लागला तसा पायाखालचा पत्रा थरथरत होता, स्टिअरिंग हातात नाचत होतं. पेटीतल्या बाटल्या किणकिणत होत्या. दोनदा वाटलं थांबावं."

"मग थांबली का नाहीस गं?" मामाने विचारलं.

"बाबा पास म्हणाले होते ना. म्हटलं, नवीन पाटे आहेत, मलाच सवय नसेल. बाबांना लागलं नाही आणि मला लागतंय, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

मास्तर रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. आता मुका राहिला असता तर तो कायमचाच मुका राहिला असता, हे त्याला कळत होतं. त्याने सांगितलं. मुंग्यांचं, मुंग्या थांबल्याचं, चपलेचं, सकाळच्या स्क्रूचं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, गाडीच्या चाकाकडे बघत होता. ती रागावेल असं त्याला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली, फडकं सोडलं, जखम पाहिली आणि दुसऱ्या पायातली चप्पल काढली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "मी हात लावला की सांगायचं."

त्याने डोळे मिटले. गाड्या जात होत्या, धूळ तोंडावर येत होती.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही."

तिसऱ्यांदा ती बराच वेळ काही बोलली नाही. मास्तरला ती शांतता सोसवेना. ती आत्ता काय मोजत असेल, कुठपर्यंत मेलाय म्हणून ठरवत असेल, पुढे काय सांगेल, कापायचं म्हणेल का, गॅरेजमध्ये पाऊल टाकू देतील का, सगळं एकदमच डोक्यात आलं. लेक म्हणाली, "आता?"

"हो," मास्तर म्हणाला. "आता थोडंसं कळलं. अंगठ्यापाशी."

त्याने डोळे उघडले. लेकीचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते. मेव्हणा दुसरीकडे बघत होता.

"बाबा, या वेळी मी हात लावलाच नव्हता," ती म्हणाली.

मास्तर म्हणाला, "मला फार भीती वाटते गं."

"मलाही वाटत होती," लेक म्हणाली. "पूर्ण घाटभर."